ज्योत्स्नाताई कॉफी मशीनवाल्या

गंगापूर रोडला मी कॅफे सुरू केलं त्याला सहा महिने होत आले होते, आणि माझं मशीन वाफेच्या नळीतून गरम पाणी गाळायला लागलं होतं. दूध फेसाळायला घेतलं की आधी फस्सकन अर्धा कप पाणीच भांड्यात पडायचं. कॅपुचिनोचं पार ताक व्हायचं. नाशिकची गिऱ्हाइकं तशी सोशिक. तोंडावर कोणी काही बोलत नसे, पण पुढच्या आठवड्यात तीच माणसं कोपऱ्यावरच्या दुसऱ्या कॅफेत बसलेली दिसायची.

बँकेतली नोकरी सोडून मी हा उद्योग मांडला होता. माझे बाबा, ढुंढिराजशास्त्री, पंचवटीत पौरोहित्य करतात. मशीन आलं त्या दिवशी त्यांनी स्वतः त्याची पूजा सांगितली होती. पाणी गळायला लागल्यावर ते दोनदा येऊन मला विचारून गेले, "आभा, पूजेत काही राहून गेलं का गं?"

कॉफीचं असं मोठं मशीन बाहेरून नुसतं चकचकीत पत्र्याचं दिसतं. आत पाणी तापवणारा बॉयलर असतो आणि त्या बॉयलरवर हुकूम चालवणारा तळहाताएवढा हिरवा सर्किट बोर्ड. पाणी किती भरायचं, किती तापवायचं, कपात किती सोडायचं, सगळं तो बोर्ड ठरवतो. ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांचा इंजिनियर रविराज पुण्याहून यायचा. मुलगा सभ्य, कामाला तत्पर. त्यानं बोर्ड एकदा बदलला, दोनदा बदलला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "मॅडम, आता बाहेरूनच मागवावा लागेल. तीन आठवडे धरा."

समोर लॉन्ड्री आहे. तिथल्या काकांच्या वाफेच्या इस्त्रीचा बोर्ड सातपूरच्या कोणी बाईंनी दुरुस्त केला होता. काकांनीच नंबर दिला. मी फोन केला तर पलीकडून आवाज आला, "कॉफीचं मशीन मी कधी उघडलं नाय. पण बोर्ड आहे ना त्यात? मग येते."

दुपारी एक स्कूटी येऊन थांबली. पंचेचाळिशीच्या बाई, नाव ज्योत्स्ना, साधी सुती साडी, पाठीला शाळेच्या पोरांसारखी सॅक. आत आल्या, मशीनकडे न जाता आधी स्टुलावर बसल्या आणि नुसत्या ऐकत राहिल्या. पंप सुरू व्हायचा, थांबायचा, परत सुरू व्हायचा.

"काय बदललंय आतापर्यंत?"

"बोर्ड. दोनदा."

"दोन नवे बोर्ड सारखेच बिघडतील का हो?" त्या म्हणाल्या, आणि सॅकमधून पेचकस काढला.

बॉयलरच्या डोक्यावरून एक बारीक स्टीलचा दांडा आत सोडलेला असतो. पाणी चढत चढत त्या दांड्याला टेकलं की दांड्यातून पाण्यात किंचितशी वीज जाते. तेवढ्यावरून बोर्डाला कळतं की टाकी भरली, आणि तो पाणी बंद करतो. ज्योत्स्नाताईंनी त्या दांड्याची वायर सोडवली आणि तिचं टोक बॉयलरच्या अंगाला टेकवलं. पंप गप्प. वायर उचलली, पंप सुरू. परत टेकवली, परत गप्प.

"बघा, सांगितलं की ऐकतोय. बोर्ड शहाणा आहे तुमचा. पाणी भरलंय हे त्याला कोणी सांगतच नाय."

मशीन निवल्यावर त्यांनी दांडा बाहेर काढला. त्यावर क्षाराचा थर साचला असेल असा त्यांचा अंदाज होता. पण दांडा कोऱ्या चमच्यासारखा लख्ख. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, पदरानं पुसला, परत पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "मला नाय कळलं. उद्या येते."

माझा धीर सुटला. तरी एक गोष्ट मनात राहिली. सहा महिन्यांत कॅफेतल्या दुरुस्त्यांना इतके लोक येऊन गेले, पण 'मला नाही कळलं' असं पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या नळाच्या पाण्याची बाटली घेऊन आल्या. दोन काचेचे पेले मागितले. एकात बाटलीतलं पाणी ओतलं, दुसऱ्यात माझ्या मशीनला जाणारं. मीटरच्या दोन सळ्या पहिल्या पेल्यात बुडवल्या, काटा उडाला. दुसऱ्यात बुडवल्या, काटा जागचा हलेना. मग त्यांनी किचनमधून चिमूटभर मीठ मागवलं, दुसऱ्या पेल्यात टाकलं, ढवळलं. काटा टुणकन वर.

"काय बसवलंय पाण्याला?"

"आरओ," मी अभिमानानं म्हणाले. "एकदम मोठा. मध्यंतरीच बसवून घेतला. कॉफीला पाणी शुद्ध लागतं ना."

ज्योत्स्नाताई खुदकन हसल्या. "लय शुद्ध केलंत. इतकं शुद्ध, की वीजच जाईना त्यातून. दांडा पाण्यात बुडून बसलाय आणि बोर्डाला वाटतंय टाकी रिकामी. बिचारा भरतोय, भरतोय, भरतोय."

त्याच संध्याकाळी प्लंबरनं आरओच्या पाण्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळायची सोय केली. गळती थांबली. इतकंच नाही, कॉफीची चवही सुधारली. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. "म्हणजे सोवळं जरा जास्तच झालं म्हणायचं!"

रविराजला मी फोन केला तो, खरं सांगायचं तर, टोमणा मारायलाच. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, त्यांचा नंबर द्याल?" पुढच्या खेपेला तो आला तो थेट सातपूरला त्यांच्या घरी गेला, आणि बंद पडलेले चार बोर्ड त्यांच्यापुढे ठेवून समोर मांडी घालून बसला. तेव्हापासून तो त्यांना 'मॅडम' म्हणतो आणि मला 'आभाताई'.

ज्योत्स्नाताईंचं माहेर गोदाकाठी, सायखेड्याला. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर सारखा चिकटायचा आणि वायरमन बोलावूनही यायचा नाही, म्हणून दहावीतल्या ज्योत्स्नानं तो उघडला आणि चालू केला. गावात तेव्हा दोन दिवस तोच विषय होता. नंतर हट्टानं नाशिकला येऊन त्यांनी आयटीआय केलं. त्या वर्गात मुली दोनच. लग्न झालं ते किशोररावांशी. ते शाळेची बस चालवतात, आणि माणूस मोठा हौशी. पुढं अंबडच्या एका कारखान्यात ज्योत्स्नाताईंनी सतरा वर्षं बोर्डांवर काम केलं. आधी सोल्डरिंग, मग तपासणी. घरगुती उपकरणांचे बोर्ड बनायचे तिथं. एक दिवस ती लाइनच बंद झाली. ज्या कामाला बत्तीस बायका लागायच्या ते दोन यंत्रं करू लागली.

"पहिला महिना मी नुसती भांडी घासली," त्या एकदा मला म्हणाल्या. "घासलेलीच परत घासली. मग यांनी एक दिवस कुणाची तरी बंद इंडक्शनची शेगडी उचलून आणली. म्हणे, हिला घास आता."

तिथून सुरुवात झाली. शेगड्या, मिक्सर, लॉन्ड्रीची इस्त्री, आणि मग माझं मशीन. माझ्यानंतर कॉलेज रोड, इंदिरानगर, त्र्यंबक रोडची हॉटेलं. दोन वर्षांत निम्म्या नाशिकच्या फोनमध्ये त्यांचं नाव 'ज्योत्स्नाताई कॉफी मशीन' असं पडलं. किशोररावांनी बोर्ड ठेवायला स्पंज लावलेली लाकडी पेटी बनवून दिली. कोणी भेटलं की ते सांगतात, "आमच्याकडं बायको दौऱ्यावर असते. मी आपला शाळा सुटली की घरी."

त्यांची कामाची रीत मी जवळून पाहिली आहे. आधी कान, मग नाक, मग हात, आणि मीटर सगळ्यात शेवटी. जळक्या बोर्डाचा वास त्या दारातूनच ओळखतात. कॉफी मात्र कधी तोंडाला लावत नाहीत, काम झालं की चहा मागतात. एका ठिकाणी मशीन कपात कधी अर्धी कॉफी सोडायचं, कधी दीड. मालक म्हणत होते, सॉफ्टवेअर बिघडलंय. ताईंनी पॅनेल उघडलं तर आत उबेला झुरळांचं अख्खं कुटुंब. त्यांनी ते कागदात गुंडाळून मालकांच्या टेबलावर ठेवलं. "हे तुमचं सॉफ्टवेअर."

पण मला सांगायची आहे ती गोष्ट गेल्या वर्षीची. निफाडच्या वाटेला, सायखेड्यापासून जवळच, द्राक्षबागांमध्ये दीपकरावांचं रिसॉर्ट आहे. कॉफीच्या बिया ते माझ्याकडून नेतात. त्यांचा फोन आला, "आभाताई, मशीनची कॉफी जळकी लागतेय, वाफ पण वेड्यासारखी येतेय. दुपारी चारला साखरपुडा आहे आपल्याकडं, तीनशे माणूस. तुमच्या त्या बाईंना आणा ना." आम्ही दोघी माझ्या गाडीतून निघालो. ताईंनी वाटेत आईला फोन केला, की आले की भेटते. भागीबाई त्यांची आई, वय पंच्याहत्तरच्या पुढं. पण आम्ही पोहोचलो तर त्या आधीच नातवाच्या मोटारसायकलवर येऊन पोर्चमध्ये बसल्या होत्या. "लेक काम काय करती ते बघू तरी म्हनलं एकदा."

मशीनवर निकिता नावाची एक मुलगी काम करत होती, वीस-बावीसची, जवळच्याच गावातली. तिच्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा ताजा लाल पट्टा होता. ताईंनी आधी तो हात धरून पाहिला, मग मशीन उघडलं.

बॉयलरची शेगडी चालू-बंद करणारा बोर्डावरचा एक छोटा स्विच, रिले म्हणतात त्याला, आतून वितळून चिकटला होता. त्यामुळं बोर्ड 'बंद' म्हणाला तरी शेगडी पेटलेलीच राहत होती. असं झालंच तर वाचवायला आणखी एक सुरक्षेचा थर्मोस्टॅट असतो. पाणी फार तापलं की तो बोर्डाला न विचारता वीज तोडतो. ताईंनी टॉर्च मारला आणि थांबल्या. त्या थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी कोणीतरी काढून एकमेकींना पिळून, वर काळी टेप गुंडाळून ठेवल्या होत्या.

"हे कोणी केलं?"

"गेल्या महिन्यात सारखं बंद पडत होतं," दीपकराव म्हणाले. "एका इलेक्ट्रिशियननं चालू करून दिलं. चाललं की महिनाभर!"

"बंद पडत नव्हतं ते. वाचवत होतं तुम्हाला." ताईंनी हत्यारं गोळा करायला सुरुवात केली. "रिले आहे माझ्याकडं. थर्मोस्टॅट त्या माणसानं काढूनच टाकलाय, तसा दुसरा माझ्याकडं नाय. तो पुण्याहून येईल, सोमवारी बसवते. तोवर मशीन बंद."

"अहो, मग रिले तेवढा बदलून द्या ना. नवीन रिलेवर चालेल ना?"

"चालेल."

"मग अडचण काय?"

"कदाचित वर्षभर पण चालेल. आणि एक दिवस तो रिले पण चिकटेल, तेव्हा या पोरीचं तोंड मशीनसमोर असेल."

दीपकरावांचा चेहरा लाल झाला. मंडपात खुर्च्या लागत होत्या, कोणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. "ताई, जबाबदारी माझी. मी लिहून देतो."

"तुम्ही लिहून द्याल हो," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज वाढला नव्हता. "भाजेल ती. तिच्या वाटचं तुम्ही काय लिहिणार?"

दीपकरावांनी फोन काढला. त्याच इलेक्ट्रिशियनला लावला. तो पिंपळगावला होता, तासाभरात येतो म्हणाला. माझी पंचाईत अशी, की दीपकराव माझं गिऱ्हाईक, ताईंना आणलेलं मीच. मी काहीतरी मधलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात निकिता म्हणाली, "सर, कोणी पण चालू केलं तरी मी नाय हात लावणार." एवढं बोलून ती स्वतःच दचकली.

मग पोर्चमधून भागीबाई उठून आत आल्या. कंबरेवर हात ठेवून त्यांनी दीपकरावांना विचारलं, "दूध हाय का तुह्याकडं?"

"आहे ना आजी. साठ लिटर."

"साखर हाय?"

"आहे."

"गॅस हाय, पातेलं हाय. मंग रडतो कशाला? कॉफीच करायची ना?"

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. मागच्या स्वयंपाकघरात दोन मोठी पातेली चढली. माझ्या गाडीत दळलेल्या कॉफीची पाकिटं होती. ती मी उकळत्या पाण्यात सोडून मलमलीच्या फडक्यातून गाळली. भागीबाईंनी जायफळ मागितलं. निकितानं ते किसलं, ताईंनी दूध ढवळलं. भागीबाई चुलीसमोर बसावं तशा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. त्यांनी स्वतः एक घोट माझ्या काळ्या कॉफीचा घेऊन पाहिला होता आणि तोंड वाकडं केलं होतं. "जहर हाय निस्तं. याच्यासाठी लेकीनं हात काळे केले व्हय?"

साखरपुड्याला जायफळाची कॉफी गेली. नवऱ्यामुलाची आत्या आत येऊन कोणी केली म्हणून विचारून गेली. माणसं दुसऱ्यांदा कप घेऊन येत होती. दीपकराव मात्र आमच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्या इलेक्ट्रिशियनला फोन करून त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं, तेवढं निकिताकडून कळलं.

भागीबाईंना सायखेड्याला सोडून आम्ही परत निघालो. ऊन उतरलं होतं. ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "मला तर वाटलं होतं तुम्ही रिले बदलून मोकळ्या व्हाल. इतकं कसं ताणून धरलंत?"

त्या म्हणाल्या, "कंपनीत शेवटची सहा वर्षं मी तपासणीला होते. बोर्ड तपासायचा, शिक्का मारायचा. एकदा महिनाअखेर होती, गाडी दारात उभी. सुपरवायझर म्हणाला, उरलेल्यांवर असाच मार शिक्का, सगळे सारखेच तर आहेत. चाळीस बोर्ड होते. मी मारला."

"मग? काही झालं?"

"तेच ना आभा. मला कधी कळलंच नाय. चांगले असतील पण. कुणाच्या तरी घरी आज पण चालू असतील. पण पेपरात कुठं शेगडीचा स्फोट, गिझरचा स्फोट असं वाचलं की मी आधी गावाचं नाव बघते."

मी गाडी चालवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच सॅकमधून पेरू काढला, अर्धा मोडून मला दिला.

सोमवारी सकाळी सातपूरला त्यांच्या दारात एक टेम्पो उभा राहिला. आत दीपकरावांचं मशीन, आणि पुढच्या सीटवर स्वतः दीपकराव. माफी वगैरे मागायचा त्यांचा स्वभाव नाही. मशीन उतरवून घेतलं आणि म्हणाले, "जे जे बसवायचं ते सगळं बसवा. घाई नाही." मग जरा घुटमळून, "आजींना विचारा, कॉफीत जायफळ किती टाकलं होतं. घरी विचारतायत." त्या इलेक्ट्रिशियनलाही त्यांनी नंतर ताईंकडं पाठवलं. भांडायला नाही, शिकायला. तो आला, तासभर मान खाली घालून बसला आणि आपण आणखी कुठं कुठं तशा वायरी जोडून ठेवल्यात त्या सहा जागांची यादी देऊन गेला. ताईंनी पुढच्या पंधरा दिवसांत सहाही जागा फिरून दुरुस्त केल्या. त्यातली एक पार कळवणला होती. किशोररावांनी रजा काढली आणि दोघं मोटारसायकलवरून गेले. येताना गडावर देवीचं दर्शन घेऊन, दमून आणि खुशीत आले.

रविराजच्या कंपनीनं यंदा ताईंना पुण्याला बोलावलं, नव्या इंजिनियर मुलांना चार गोष्टी सांगायला. त्यांची झोप उडाली. "मला इंग्रजी बोलता येत नाय, मी काय सांगू?" रविराज म्हणाला, "मॅडम, मराठीत सांगा. पोरं आपलीच आहेत." तरी धास्ती होतीच, म्हणून त्यांनी सगळं आधी लिहून काढायचं ठरवलं. शंभर पानी वही, निळ्या शाईनं, मधे मधे बोर्डांची पेन्सिलीनं काढलेली चित्रं. लिहून झाल्यावर ती माझ्याकडं घेऊन आल्या. "शुद्धलेखन बघ जरा. तुझे बाबा शास्त्री आहेत, तुझं चांगलं असेल."

कॅफेत दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. मी लाल पेन घेऊन बसले, त्या समोर बसल्या, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारख्या. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'मशीनला हात लावायच्या आधी, ते रोज कोण वापरतं त्या माणसाला विचारा. त्याला जेवढं माहीत असतं तेवढं बोर्डाला पण माहीत नसतं.' पुढं: 'समजलं नाही तर नाही समजलं म्हणा. गिऱ्हाईक रागावतं पण विसरत नाही.' आणि एका पानावर फक्त एवढंच: 'सुरक्षेची वायर कधीही जोडून देऊ नका. मालकानं सांगितलं तरी. साहेबानं सांगितलं तरी.' याच्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती, इतक्या जोरात की ती मागच्या पानावर उमटली होती.

मी चार वेलांट्या आणि दोन उकार दुरुस्त केले आणि वही परत दिली.

"बस? एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी वही उघडून माझ्या लाल खुणा एकेक करून मोजल्या. मग उठल्या, काउंटरच्या आत गेल्या आणि तिथल्या मुलीला म्हणाल्या, "आज मला पण दे एक. दूध जास्त घाल, आणि साखर दोन चमचे."